छाट डबा

मी रागीट आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला धक्का बसायला नको. माझा राग दुधासारखा आहे, चटकन वर येतो आणि गॅस बारीक केला की मुकाट खाली बसतो. नवरा म्हणतो, "तू ओरडायला लागलीस की मी मनात दहापर्यंत मोजतो. आठला तू थांबतेस." सोलापूरजवळच्या कुंभारीच्या शाळेतल्या माझ्या पोरांना हे गणित पहिल्याच महिन्यात कळतं. मी ओरडायला लागले की ती शांतपणे फळ्याकडे बघतात आणि मी थांबले की वह्या काढतात.

या सगळ्याची सुरुवातही रागानेच झाली. चौथीचा वर्ग, तेवीस पोरं, निबंधाचा विषय 'माझी आई'. रविवारी सकाळी चहा घेत वह्या तपासायला बसले. पहिल्या वहीतली आई पहाटे पाचला उठत होती. दुसरीतलीही. दहाव्या वहीला माझा चहा गार झाला. तेवीसच्या तेवीस आया पहाटे पाचला उठत होत्या, सडा घालत होत्या आणि शेवटच्या ओळीत मायेचा सागर होत होत्या. सोमवारी वर्गात शिरले ती वह्यांचा गठ्ठा टेबलावर आपटूनच.

"अख्ख्या वर्गात एकही आई उशिरा उठत नाही?"

पोरं फळ्याकडे बघायला लागली. मग मागच्या बाकावरून एक हात वर आला. तो मंगळवेढ्याकडून आलेल्या घरातला पोरगा, बोलायला कधी न भिणारा.

"बाई, माझी आई साडेसातला उठती."

"मग तसं लिही की!"

"तसं लिहित्यात व्हय?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

पंचवीस वर्षं निबंध शिकवतेय आणि पोरांना असं वाटतंय की खरं असेल ते लिहायचं नसतं. त्या दिवशी मी वर्गाला शब्द दिला: यंदा निबंध बंद. प्रत्येकाने आपली खरी गोष्ट लिहायची, आपणच ती नीट करायची आणि पालकसभेच्या शनिवारी तिचं छापील पुस्तक काढायचं. वरती प्रत्येकाचं नाव. पोरं इतकी ओरडली की शेजारच्या तिसरीच्या बाई दारात येऊन बघून गेल्या.

लिहायचं जमलं. अडलं ते 'नीट करायचं' तिथे. दहा वर्षांच्या पोराला लिहिलेलं खोडायला सांगणं म्हणजे त्याच्या ताटातला लाडू उचलणं. एकदा लिहिलं की झालं, खाली रेघ मारायची आणि वही मिटायची, अशी त्यांची रीत. म्हणून मी एक युक्ती काढली. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंच्या लांब पट्ट्या कापल्या आणि सांगितलं, एका पट्टीवर एक वाक्य, फार तर दोन. मग पट्ट्या जमिनीवर मांडायच्या, वर खाली करायच्या, वाचून बघायच्या. नको वाटेल ती पट्टी उचलून बाजूला. खोडायचं काहीच नाही, त्यामुळे दुःखही नाही. प्रत्येकाच्या पट्ट्या ठेवायला मी घरातली लग्नपत्रिकांची पाकिटं आणली. गणपतीचं चित्र असलेल्या पाकिटांवरून पहिल्या दिवशी भांडणं झाली.

"याला संपादन म्हणतात," मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं. तेवीस चेहरे कोरे.

आणि तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक मुलगी बोलली. हिच्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच आहे. घरी तेलुगू बोलणारी, वसाहतीतली. आमच्या शाळेला लागूनच बिडी कामगारांची वसाहत आहे आणि वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी तेलुगूच बोलतात, पण बाकीची पोरं मराठीत बिनधास्त चुकत चुकत बोलायची. ही चुकायला लाजायची, म्हणून बोलायचीच नाही. जूनपासून मी तिचा आवाज ऐकला होता तो हजेरीला, 'हजर बाई' एवढाच. पुढच्या जूनला ती शहरातल्या मोठ्या शाळेत जाणार होती. तिथे साठ पोरांच्या वर्गात ही अशीच गप्प बसली तर कुणाच्या लक्षातही येणार नाही, याची मला मनापासून धास्ती होती.

ती म्हणाली, "म्हणजे छाट, बाई."

सोलापुरात राहून मला छाट माहीत नाही असं कसं होईल? वसाहतीतल्या बायका मांडीवर सूप घेऊन दारात बिड्या वळत बसतात. सकाळी वळलेल्या बिड्या कारखान्यात घेऊन जातात. तिथे तपासणारा माणूस बसलेला असतो, त्याला सगळ्या 'चेकर' म्हणतात. तो बंडलं चाळतो आणि पसंत नसलेल्या बिड्या बाजूला काढतो. ती छाट. वर्गातल्या पोरांना बाकी कुठला व्यवहार कळो न कळो, आज घरी किती छाट निघाली हे आईच्या चेहऱ्यावरून कळतं.

पण मला त्या क्षणी एवढंच दिसलं की पोरगी बोलली. मी हरखून गेले. "अगदी बरोबर! शाबास! संपादन म्हणजे छाट!" आणि फळ्यावरचं 'संपादन' पुसून 'छाट' लिहिलं. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा आणला, त्यावर कागद चिकटवला: 'छाट डबा'. नको असलेल्या पट्ट्या त्यात. झाकण घट्ट होतं, उघडायला चमचा लागायचा. मी स्वतःवर इतकी खूष होते की त्या दिवशी डबा धुताना घरी गाणं म्हणत होते.

दोन आठवड्यांत गोष्टी तयार झाल्या. शनिवारी सगळी पाकिटं मी घरी नेली आणि रविवारी जेवणाच्या टेबलावर पट्ट्या मांडून बसले. काय सांगू! साडेसातच्या आईच्या पोराने गावी जाण्याची गोष्ट लिहिली होती. त्यात होतं, 'त्या दिवशी गाडी वेळेवर आली म्हणून आमची चुकली.' एकीने लिहिलं होतं, 'आजीला चष्मा आला आणि तिला आमचं घर घाण दिसायला लागलं.' एकाची शेळी होती, ती रागावली की त्याच्या चुलतभावाकडेच बघायची. मी एकटीच हसत होते. नवरा आतून विचारून गेला की बरी आहेस ना.

मग त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीचं पाकीट उघडलं. सात पट्ट्या होत्या.

पहिली: 'माझी अम्मा बिड्या वळते.' दुसरी: 'दुपारी ती मालिका बघत बघत वळते.' तिसरी: 'मालिकेत कोण मेलं की अम्माचे डोळे रडतात.' चौथी: 'बोटं रडत नाहीत. बोटांना मालिका दिसत नाही.' इथे मी चहाचा कप खाली ठेवला. पाचवी: 'मला ताप आला तर अम्मा कपाळाला हाताची मागची बाजू लावते, कारण बोटांना तंबाखूचा वास येतो.' सातवी नेहमीची होती: 'अम्मा खूप कष्ट करते, मला तिचा अभिमान आहे.'

सहावी इथे सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला. शेवटी तिलाच विचारलं. ती आता मोठ्या शाळेत आहे. म्हणाली, "सांगा की बाई, आता काय हुत न्हाय." सहाव्या पट्टीवर लिहिलं होतं, 'मला तो वास आवडतो. मी तिला सांगितलं नाही.'

मी उठून खिडकीपाशी जाऊन आले. परत बसले आणि लाल पेन घेतलं. पंचवीस वर्षांत त्या पेनाने चुकाच दाखवल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा मी ठरवलं की लाल पेन फक्त आवडलेल्या वाक्यांना. चष्म्याच्या आजीखाली रेघ. वेळेवर आलेल्या गाडीखाली रेघ. शेळीखाली दोन रेघा. हिच्या तीन, चार, पाच आणि सहा, चारही पट्ट्यांखाली ठसठशीत रेघ. अख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त लाल हिच्या पाकिटात. सोमवारी वर्गात जाऊन हे सांगायचं आणि पोरांचे चेहरे बघायचे, असा बेत होता.

रविवारी दुपारी निरोप आला, उद्यापासून तीन दिवस तालुक्याला प्रशिक्षण. चरफडले. सोमवारी सकाळी जाता जाता तिसरीच्या बाईंकडे पाकिटांची पिशवी दिली आणि म्हटलं, "पोरांना म्हणावं मी बघितलंय. आता स्वच्छ अक्षरात उतरवून काढा." एवढं सांगून बस पकडली. लाल रेघेबद्दल काही बोलायचं माझ्या ध्यानातही आलं नाही. आवडलं म्हणून रेघ मारली यात समजावून सांगण्यासारखं काय आहे, असं मला वाटत होतं.

गुरुवारी परत आले तर टेबलावर कागदांचा नीटनेटका गठ्ठा. सुबक अक्षर, समास आखलेले, कोपऱ्यात फुलं. तिसरीच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या वर्गाचा आवाज आला नाही हो तीन दिवस. पोरं काम करत होती." मला भरून आलं. शनिवारचा कार्यक्रम डोक्यावर होता, मी गठ्ठा न वाचता तसाच शहरातल्या टायपिंग आणि छपाईच्या दुकानात दिला. न वाचता. हे मी मुद्दाम दोनदा लिहितेय.

शुक्रवारी सकाळी शाळेत येताना बसमध्ये दुकानदाराने मोबाइलवर पानं पाठवली. वाचायला लागले. 'शेळी हा उपयुक्त प्राणी आहे.' पुढे. 'माझी आजी प्रेमळ आहे. ती मला गोष्टी सांगते.' चष्मा कुठे गेला? 'आम्ही मंगळवेढ्याला गेलो. खूप मजा आली.' गाडी चुकलीच नव्हती. बावीस गोष्टी, सगळ्या एकाच पोराने लिहिल्यासारख्या. आणि बावीसच. तेविसावी नाही.

मी बसमधूनच दुकानदाराला फोन लावला. "अहो, पानं वाचवायला तुम्ही पोरांची वाक्यं कापलीत?"

"मॅडम, मी एक स्वल्पविराम हलवला नाही. तुमचे कागद हितं समोर हायत माझ्या."

"खोटं बोलू नका!"

अख्खी बस माझ्याकडे बघत होती. तो शांतपणे म्हणाला, "फोटो काढून पाठवू का?" आणि पाठवले. त्या सुबक अक्षरात, फुलांच्या कोपऱ्यांसकट, अगदी तेच होतं.

मग राग वर्गावर गेला. दारातूनच सुरुवात केली. आळस, कंटाळा, उतरवायला नको म्हणून निम्मं गाळलं, बाई गावाला गेल्या की यांना रान मोकळं! पोरं फळ्याकडे बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधी भाव नव्हता, गोंधळ होता, पण मी तो बघायच्या मनःस्थितीत नव्हते. तिसऱ्या बाकावरची जागा रिकामी होती. "आणि ती कुठे आहे?" मग शेळीवाला हळूच म्हणाला, "ती येत न्हाय म्हन्ली, बाई. तिचं लईच छाटमदी गेलं."

मी आठपर्यंत पोचलेच नाही, पाचलाच थांबले. कारण दारात एक बाई उभी होती, आणि तिच्या मागे पदराआड ती मुलगी.

वसाहतीतल्या बायका पालकसभेलासुद्धा कशाबशा येतात. बोटं थांबली की काम थांबतं. ही तर वर्ष झालं तरी एकदाही आली नव्हती. दारातच चपला काढल्या, आत आली नाही.

"बाई, थोडं बोलायचं हुतं."

"या ना ताई, आत या."

"हितंच बरं हाय." तिने दाराची चौकट धरली. "पोरगी कालपासनं नीट जेवली न्हाय. म्हनती, बाईंनी माझं चार काढलं, तीनच ठेवलं. समद्यात जास्त माझंच काढलं. मी म्हन्लं, आगं, चेकरनं काढलं की काढलं, त्येला कोन इचारतंय? मी हितकी वर्सं बिड्या देते, एकदा बी इचारलं न्हाय. पर पोरगी म्हनती, मला आता लिवायचंच न्हाय." तिने पोरीला पदराआडून पुढे घेतलं. "म्हनून आले. माझ्या बिड्यांचं ऱ्हाऊ द्या. हिचं का काढलं ते सांगा. काय चुकलं तेवडं सांगा, मी घरी करून घेते."

मला काही समजेना.

"कुणी काढलं? मी कुठे काढलं?"

"तुमी खुना केल्या की, बाई," शेळीवाला मदतीला आला. "लाल. दोन दोन रेघा. समद्यांचं लाल लाल आमी छाट डब्यात टाकलं."

आणि मग मला एकदम सगळं समजलं. पोरं तरी काय चुकली होती? तपासणाऱ्याचा हात लागला की ते गेलं, हे त्यांना बोलता यायच्या आधीपासून माहीत होतं. का काढलं, हे विचारायची पद्धतच नाही. हे छाटच आहे असं फळ्यावर लिहून मीच दिलं होतं. आज्ञाधारक पोरं. तीन दिवस आवाज न करता त्यांनी आपली उत्तमोत्तम वाक्यं एकेक करून डब्यात टाकली होती, आणि ज्याचं जितकं चांगलं त्याचं तितकं जास्त गेलं होतं.

"अरे, ती मला आवडली म्हणून रेघ मारली होती!" मी जवळजवळ ओरडलेच. "आवडली म्हणून!"

कुणाचाच विश्वास बसला नाही. साडेसातच्या आईचा पोरगा म्हणाला, "लाल पेननं?"

हे ऐकून मला लाज वाटली, इतकी की पहिल्यांदाच वर्गासमोर खुर्चीवर बसून मी म्हटलं, "चुकलं माझं." पोरांनी एकमेकांकडे बघितलं. बाई चुकलं म्हणाल्या ही बातमी मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेत पोचली.

दारातली आई अजून उभीच होती. "म्हंजे हिचं चार... चांगलं हुतं?"

"ताई, अख्ख्या वर्गात सगळ्यात चांगलं."

ती आधी माझ्याकडे बघत राहिली, मग पोरीकडे, आणि एकदम तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसू थांबेना. तिचं बघून शेळीवाला हसला, मग वर्ग, मग मी. ती मुलगी तेवढी हसत नव्हती, डब्याकडे बघत होती.

"छाट परत मिळती का, बाई?" तिने विचारलं.

"कारखान्यातलं मला माहीत नाही. इथली छाट तुमचीच आहे."

चमचा घेऊन झाकण उघडलं आणि डबा जमिनीवर पालथा केला. तेवीस पोरं त्यावर तुटून पडली. "हा माझा चष्मा!" "शेळी कुणाकडंय?" कुणी दुसऱ्याची पट्टी मोठ्याने वाचायचा, सगळी हसायची, मालक धावत यायचा. दुकानदाराला फोन करून माफी मागितली आणि सांगितलं, सगळं नव्याने येतंय, दुपारपर्यंत. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, शेळी दोन रेघांची हाय का?" फोन चालूच होता म्हणे मघापर्यंत, बसमधला मी नीट बंदच केला नव्हता. त्याने माझं 'चुकलं माझं'सुद्धा ऐकलं होतं.

त्या गोंधळात त्या मुलीच्या आईने खाली वाकून पोरीच्या हातातल्या पट्ट्यांकडे बोट केलं. तिला मराठी अक्षर वाचता येत नाही. "काय हाय गं त्यात? बाई, वाचा की."

मी हात पुढे केला. मुलीने चारही पट्ट्या छातीशी धरल्या. "आता न्हाय, अम्मा. उद्या."

आई गेल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "ऐक. लाल रेघ माझी आहे, गोष्ट तुझी आहे. मला आवडलं म्हणून ठेवायलाच पाहिजे असं नाही. काय ठेवायचं, काय नाही, ते तूच ठरव." तिने मान हलवली आणि खिडकीखाली पट्ट्या मांडून बसली. डब्यावरचा कागद मी काढून टाकला. आणि वर्गाला एक नवा नियम सांगितला: कुणीही, म्हणजे बाईंनीसुद्धा, तुमच्या लिहिण्याला हात लावला, तर आधी विचारायचं, 'का?' हा नियम मला पुढे फार महागात पडला. गृहपाठ दिला तरी 'का?'

दुपारी तिचं पान हातात आलं. अक्षर नीट, चूक एक नाही. एक, दोन, तीन, चार, पाच. 'अभिमान आहे'ची सातवी पट्टी तिने स्वतःच काढली होती, त्याचा मला आनंद झाला. आणि सहावीही नव्हती.

माझ्या तोंडाशी आलं होतं. अगं, तीच तर खरी गोष्ट आहे, तीच कशी काढलीस? गोष्ट पाचव्या पट्टीला थांबली की नुसती दुःखी होते. पण तासाभरापूर्वी 'तूच ठरव' म्हटलेलं होतं. मी मनात मोजायला लागले. दहापर्यंत गेले. आयुष्यात पहिल्यांदा. मग विचारलं फक्त, "का?" नियम सगळ्यांनाच लागू होता.

ती म्हणाली, "ते छापायचं न्हाय, बाई." एवढंच. मी पान तसंच दुकानात पाठवलं.

शनिवारी पालक आले. नेहमीपेक्षा जास्त आले, कारण पुस्तकात आपापल्या घराचं काय लिहिलंय याची धाकधूक होती. पिवळ्या जाड कागदाचं मुखपृष्ठ, मध्ये दोन पिना, प्रत्येक घराला एक प्रत. साडेसातच्या आईने सगळ्यांसमोर पोराचा कान धरला, पण धरताना ती हसत होती. चष्मेवाल्या आजीने गोष्ट ऐकून ठणकावून सांगितलं की घर घाणच आहे. बिड्यांची गोष्ट लिहिणाऱ्या मुलीची आई पहिल्या रांगेत सतरंजीवर बसली होती, दोन्ही हात मांडीवर एकमेकांत गुंतवून. मला बघून पुढे वाकून म्हणाली, "बाई, मी बी इचारलं काल. चेकरला."

"मग काय म्हणाला?"

"बगतच ऱ्हायला." आणि परत पदर तोंडाला.

मुलीचं नाव पुकारलं. ती उभी राहिली आणि वाचायला लागली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. मालिकेला बायका हसल्या. बोटांना मालिका दिसत नाही, इथे हसणं थांबलं. हाताच्या मागच्या बाजूला तिच्या आईने मान खाली घातली आणि हात पदराखाली घेतले. मला तो क्षण सोसेना. वाटलं, हेच होणार होतं, म्हणून तर मला ती सहावी पट्टी हवी होती. पान संपलं. टाळ्या सुरू झाल्या.

ती बसली नाही. पुस्तक मिटलं, फ्रॉकच्या खिशातून घडी घातलेली पट्टी काढली, लाल रेघेची. ती तिने वाचली नाही, नुसती हातात धरली. दोन पावलं पुढे आली आणि आईकडे बघून तेलुगूत काहीतरी म्हणाली. दोन छोटी वाक्यं होती. मला तेलुगू येत नाही. सतरंजीवरच्या निम्म्या बायकांना येतं, त्या तिच्या आईकडे वळल्या. बाकीच्या एकमेकींना विचारायला लागल्या, काय म्हन्ली, काय म्हन्ली. मी कुणाला विचारलं नाही.

तिच्या आईने पदराखालचे हात बाहेर काढले. पोरीला जवळ ओढलं, आणि तिच्या गालावरून हात फिरवला, बोटांनी.